प्रतिगावातली शेवटची ओळ

निवृत्तीच्या दिवशी डॉ. मृदुला केंकरे यांना विद्यापीठाने शाल-श्रीफळ दिलं नाही, चारशे सात नावांची यादी दिली. ही माणसं त्यांच्यामुळे जिवंत होती.

रोगाच्या साथी रोखणाऱ्याच्या कपाळी पूर्वी यश नसेच. आलेला रोग दिसतो, न आलेला कोण मोजणार? 'प्रतिगावा'ने ते गाऱ्हाणं मिटवलं. प्रतिगाव म्हणजे संगणकात उतरवलेलं हुबेहूब गाव. कोण कुणाला भेटलं, कुणाच्या रक्तात किती प्रतिकारशक्ती, सगळं त्यात असतं. तिथे लस न देता साथ पुन्हा चालवली, की कोण दगावलं असतं ते नावानिशी कळतं.

यादीतली तेरा वर्षांची सगुणा झोरे वडिलांबरोबर आभार मानायला आली. दहा वर्षांपूर्वी घटसर्पाची साथ आली, तेव्हा लस एका वाडीपुरतीच होती. दिवाळीत वरच्या वाडीतली पोरं खाली मामाकडे गेलेली, म्हणून खालच्या वाडीत मुलं जास्त. केंकरेबाई आधी खाली गेल्या. सगुणा तिथेच आजोळी होती. तिचा थोरला भाऊ म्हालू वरच्या वाडीत घरीच राहिला होता. दुसरी खेप वर पोचेपर्यंत तो गेला.

धोंडीराम झोऱ्यांनी टेबलावर नारळ ठेवला. "बाई, आधी वरच्या वाडीला आला असता तर? ह्ये यंत्र सांगंल?"

"सांगेल. पण ऐकवेल का तुम्हाला?"

"धा वर्सं त्योच इचार हाय डोक्यात."

आकडा ज्याचा, त्याच्यापासून तो लपवायचा नाही, हा बाईंचा हट्ट. त्यापायी त्यांनी दोन मंत्र्यांशी वैर घेतलं होतं. आताही त्या मागे हटल्या नाहीत. आधी वरची वाडी धरून त्यांनी साथ पुन्हा चालवली.

धोंडीराम चष्मा विसरले होते. "वाच गं."

"म्हालूदादा जगला," सगुणा म्हणाली आणि तिचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. ती ओळ बाईंनीही वाचली: सगुणा झोरे, वय तीन, मृत.

"आन् तू?"

मुलीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी धोंडीरामांकडे पाहिलं. खरं सांगितलं, तर हा बाप जन्मभर दोन लेकरांत निवड करत बसेल.

"तीही जगली," बाई ठामपणे म्हणाल्या.

"म्हंजी दोघंबी राहिली असती."

"हो. चूक माझी झाली."

धोंडीरामांनी नारळ उचलून पिशवीत टाकला आणि ते चालू लागले. सगुणा दारात क्षणभर थांबली. खरा आकडा आता तिलाच जन्मभर लपवायचा होता.