बारा ते चारची ड्यूटी

विश्वास ठेवा, असा आग्रह मी करणार नाही. तेवढं अंगात त्राणच उरलं नाही. पण हे खरं घडलंय… आणि माझ्याच घरात घडलंय.

रात्र नव्हती. मागच्या ऑक्टोबरातली भर दुपार होती, सोयाबीन काढणीचे दिवस. गाव गोरेगावजवळचं, तालुका सेनगाव.

मी सपना. नवरा धम्मदीप सेनगावची जीप चालवतो. दिवसा घरी मी आणि सासरे, जळबामामा.

मामा नेव्हीत होते. रणगाडे आणि जवान थेट किनाऱ्यावर उतरवणाऱ्या एका जहाजावर त्यांची सगळी नोकरी गेली. त्या जहाजाचं तोंड दरवाजासारखं उघडायचं. त्सुनामीच्या वेळी त्याच दरवाजातून त्यांनी तांदूळ उतरवला आणि माणसं आत घेतली. पुढं जहाज जुनं झालं, सेवेतून काढलं. मागच्या वर्षी ते तोडल्याचा मामांना फोन आला.

त्या दिवसापासून मामांची दुपारची झोप उडाली.

बारा वाजले की उठायचे आणि दाराकडे निघायचे. हृदय कमजोर, डॉक्टरांनी उठायचं नाही म्हणून बजावलेलं. दोनदा पडले. मी धरून आणायचे, ते पुन्हा निघायचे. आम्ही दोघंही पार थकून गेलो होतो.

"मामा, काहून उठून राहिले तुमी?"

"हरिचंद उभा हाय, बाई. त्याला सोडवायचं राहिलं."

हरिचंद त्यांचा जहाजावरचा जोडीदार, वसमतचा. दुपारी बारा ते चार त्या मोठ्या दरवाजावर ड्यूटी करत होता, तिथंच उभ्या उभ्या त्याचा जीव गेला. चारला मामा त्याला सोडवायला पोचले. तिथली रीत अशी, की पुढचा माणूस 'ड्यूटी घेतली, तू जा' म्हणतो तेव्हाच आधीचा सुटतो. मामा म्हणणार कुणाला?

"जहाज होतं तवर त्याला जागा तरी होती," मामा म्हणायचे. "आता कुठं उभं राहील ते बिचारं?"

म्हातारपणाचा भ्रम, असं मी समजत होते.

पण त्या दुपारी… कोंबड्या एकदम गप्प झाल्या.

पंखा फिरत होता. त्याचा आवाज मात्र येत नव्हता.

मग अंगणात बूट वाजले. खण्… खण्… लोखंडावर चालल्यासारखे.

आमचं अंगण मातीचं आहे.

डिझेलचा वास आला. आणि त्यात मिसळलेलं काहीतरी खारट…

आवाज दाराशी येऊन थांबला. दारात कोणी नव्हतं. उंबऱ्याबाहेरची जमीन मात्र ओली होत गेली. दोन पावलांएवढीच.

मामा खाटेवरून उतरले. ओठ निळे पडले होते. "आलो रे," म्हणत भिंत धरून निघाले. हे दारापर्यंत गेले तर परत यायचे नाहीत, हे मला कळून चुकलं.

मी मधे जाऊन उभी राहिले. भीती वाटत होती, पण त्याहून जास्त मी कंटाळले होते.

"जा भाऊ," मी दाराकडे बघून म्हणाले. "ड्यूटी मी घेतली. तू जा आता."



मग कोणीतरी सुस्कारा टाकला. अगदी माझ्या कानाजवळ.

मामा खाटेवर आडवे झाले ते थेट संध्याकाळी उठले. आता रोज झोपतात. चार घास जास्त खातात. हरिचंदचं नाव काढत नाहीत.

मी मात्र…

बारा वाजले की माझे पाय आपोआप दाराशी जातात. बसता येत नाही. पोटऱ्या भरून येतात, पायाखालची जमीन हळूहळू डोलत राहते. चार वाजतात… सोडवायला कोणी येत नाही. पाय तेवढे मोकळे होतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

परवा धम्मदीप दुपारीच घरी आला. मी दारात उभी. त्यानं माझा घाम पुसला.

"किती दमून राहिली तू. जाय, पड जराशी. इथं मी…"

मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

त्याला राग आला. खरं काय ते मी सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो मुद्दाम माझ्या जागी उभा राहील, असा माणूस आहे तो.

आता तो रोज दुपारी येतो. रोज तेच म्हणायला लागतो. आणि मी रोज जास्त दमलेली असते… एखाद्या दुपारी माझा हात वर उचलणार नाही, याचीच मला भीती वाटते.