सुंठवडा कुठल्या डब्यात

रामजन्म झाला, पाळणा म्हणून झाला, तरी बुवांचा अभंग कानांतून उतरत नव्हता. मसोलीच्या देवळात पेटीवाला एकटाच पेटी झाकत बसलेला. वाजवण्याच्या नादात त्याचा प्रसाद राहिला होता. माझ्याजवळ सारखेच तीन डबे, आणि सुंठवडा एकातच उरलेला.

"ओळखा," मी म्हटलं. का म्हटलं, ते रामरायालाच ठाऊक.

त्यानं मधल्यावर बोट ठेवलं. मी डावा उघडून रिकामा दाखवला आणि विचारलं, बदलणार का? तो म्हणाला, दोनच उरले, निम्मी-निम्मी शक्यता, मग कशाला बदलू? मधला रिकामाच निघाला. तो हसला... कपाळावरचा गुलाल भुवईत उतरला.

मी उधव्याच्या शाळेत गणित शिकवते. बदललं तर तिनातून दोनदा मिळतं, असं मी ठासून सांगितलं. पेटीवाल्याला, म्हणजे यतीनला, पटेना. तो तलासरीच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायचा. म्हणाला, सिद्ध करून दाखवतो.

मग दर गुरुवारी भजनानंतर आमचा वाद. एका गुरुवारी मी सांगितलं, वापीचं स्थळ आलंय, रविवारी बाबा होकार कळवणार, मी अजून हो म्हटलेलं नाही. त्यानं अभिनंदन केलं. मला रडू यायचंच बाकी राहिलं.

शनिवारी दुपारी तो लॅपटॉप घेऊन देवळाच्या ओट्यावर हजर. हाच खेळ हजारो वेळा आपोआप खेळणारं छोटंसं पॅकेज त्यानं लिहिलं होतं. पडद्यावर बदलणाऱ्याची आणि न बदलणाऱ्याची, दोन्ही पट्ट्या सारख्या.

"बघा बाई. निम्मं-निम्मं."

मी त्याचा प्रोग्राम वाचला. त्यातला प्रसाद वाढणारा न बघताच डबा उघडत होता. सुंठवडा निघाला की तो डाव बाद.

"मी न बघता नव्हता उघडला, यतीनराव. कुठला रिकामा ते मला माहीत होतं."

त्यानं तेवढं बदललं, पुन्हा चालवलं. बदलणाऱ्याची पट्टी हळूहळू दुप्पट झाली. तो बघतच राहिला.

"म्हणजे... तुम्ही मला सांगतच होता."

"केव्हाची."

"आणि वापीचं? तेही—"

"मग काय, अभिनंदन करून घ्यायला सांगितलं?"

समुद्राकडून वारा आला. त्याचे कान लाल झाले होते.

"मला वाटलं, ठरलंच आहे. निलम... मला तुम्ही हव्या आहात. बाबा कुठे असतील आता?"

बाबा रेल्वेत. आम्ही डहाणू रोडला पोचलो तेव्हा ते फलाटाच्या टोकाशी हिरवं निशाण धरून उभे होते. मी म्हटलं, बाबा, वापीला नकार कळवा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मागे उभ्या यतीनकडे.

"मग हो कुणाला?"

"काका... मला," यतीन म्हणाला.

"मालगाडी जाऊ दे," बाबा म्हणाले, "मग बोलू. आणि उन्हात उभे राहू नका, इकडे या दोघं."

मालगाडी फार लांबलचक होती. तिच्या धडधडीत यतीनची करंगळी माझ्या करंगळीला लागली... आणि तिथेच राहिली.