शुद्ध पाण्याची बरणी

तो पहिल्यांदा आला तो भांडायलाच.

"तुमच्या किड्यांनी आमचं पाणी नापास केलं म्हणे," प्रयोगशाळेच्या दारातूनच तो म्हणाला. हातात निळ्या झाकणाची बाटली, बाहीवर जांभळा डाग. कापड रंगवण्याच्या कारखान्यातलं सांडपाणी स्वच्छ करण्याची जबाबदारी त्याची होती. ते नदीत सोडण्याजोगं आहे की नाही, हे तपासण्याची तिची.

"किडे नाहीत, पाणपिसवा," ती म्हणाली. "आणि नापास मी केलं. त्या बिचाऱ्या नुसत्या मेल्या."

"माझ्या मीटरवर सगळे आकडे बरोबर आहेत."

"मीटर विचारलं तेवढंच सांगतो. पाण्यात आणखी काय मिसळलंय हेच ठाऊक नसेल, तर विचारणार काय? म्हणून जिवंत प्राण्याला विचारायचं."

तिने त्याला दोन बरण्या दाखवल्या. एकीत त्याचं पाणी, दुसरीत शुद्ध पाणी. दोन्हींत खसखशीच्या दाण्याएवढे पारदर्शक जीव. शुद्ध पाण्यातले टुणटुण उड्या मारत होते. त्याच्या पाण्यातले तळाशी निपचित पडले होते.

"ही शुद्ध पाण्याची बरणी कशाला?"

"आमच्यावर लक्ष ठेवायला. तिच्यातले मेले तर चूक आमची. मग तुमच्या पाण्याविषयी बोलायचा आम्हाला अधिकार नाही."

त्याचा आवाज खाली आला. तिने सूक्ष्मदर्शक पुढे सरकवला. तो वाकून पाहू लागला, आणि बराच वेळ उठलाच नाही.

"हे... हृदय आहे?"

"हो."

"किती धडधडतंय!"

"गार पाण्यात ठेवलं की सावकाश होतं."

"मग मलाही पेलाभर गार पाणी द्या," डोळा भिंगावरून न हलवता तो म्हणाला. तिने खरंच पेला भरून आणला, आणि त्याने गंभीर चेहऱ्याने तो रिकामा केला.

त्यानंतर तो दर आठवड्याला येऊ लागला. कधी गाळणीतला कोळशाचा थर वाढवून पाहिल्याचं सांगे, कधी रंगाच्या एका टाकीवर संशय घेई. मालकांची बोलणी खाऊनही त्याने ती टाकी बंद करवली. तिला तो बोलताना ऐकायला आवडे. गप्प बसून बरणीकडे पाहताना तर अधिकच. तो गेल्यावर खोली इतकी मोठी का वाटते, हे मात्र तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

"अगं, बघून बघून दाराला भोक पडेल," प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या बाई, एकदा म्हणाल्या. "येतील तुझे बाटलीवाले."

मग पाणी पास झालं. पुढच्या आठवड्यात पुन्हा झालं. तो लहान मुलासारखा हसला, तीही हसली. आणि हसता हसता तिला नियम आठवला. सलग तिसऱ्यांदा पास झालं की दर आठवड्याची तपासणी बंद होणार होती. मग बाटली कशाला येईल, आणि बाटलीशिवाय तो तरी कशाला?

तिसऱ्या नमुन्याच्या सकाळी घरातून निघताना वहिनीने तिचे हात धरले. "सारखे धुऊन धुऊन काय दशा झालीय बघ. आज तो यायचाय ना?"

"कोण तो?"

"ज्याच्या पाण्याच्या गोष्टी आम्ही रोज जेवताना ऐकतो, तो." वहिनीने आपलं सुगंधी क्रीम तिच्या हातांवर चोळलं.

प्रयोगशाळेत क्रीम, अत्तर काही चालत नसे. तिने हात धुतले. पण वास थोडा मागे राहिला, आणि तो राहू द्यावासा तिला वाटला. बाटली देताना तो क्षणभर थांबला. "आज..." म्हणाला, आणि वाक्य अर्धवट सोडून निघून गेला. त्या अर्ध्या शब्दाच्या नादात बरण्या मांडताना तिचा हातमोजा फाटला आणि बोट शुद्ध पाण्यात बुडालं, तरी ती तशीच काम करत राहिली.

दोन दिवसांनी त्याच्या पाण्यातले जीव मजेत उड्या मारत होते. शुद्ध पाण्याच्या बरणीत एकही हलत नव्हता.

"चाचणी रद्द," मोठ्या बाई म्हणाल्या. "भांडं नीट धुतलं गेलं नाही म्हणून सांग त्यांना. नवा नमुना मागव."

म्हणजे तो पुन्हा येणार होता, तिने काही न मागता. एवढं एक वाक्य बोलून गप्प राहायचं होतं. पण निकाल ऐकायला आलेल्या त्याने आज बाहीवर डाग नसलेला शर्ट घातला होता, आणि तिला ते वाक्य बोलवेना.

"तुमचं पाणी चांगलं होतं. आमची बरणी मेली. माझ्यामुळे." तिने हात टेबलाखाली घेतले. "क्रीम लावलं होतं... मी कधी लावत नाही."

"मग त्या दिवशी का लावलंत?"

"तुम्ही येणार होतात म्हणून."

तो बरणीकडे पाहत राहिला. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

"उद्या नवी बाटली आणतो," शेवटी तो म्हणाला. "उद्या लावू नका."

"नाही लावणार." तिने वहीत उद्याची तारीख लिहिली. "ह्या वेळी पास होईल. मग तुमचं येणं संपलं."

"बाटलीचं," तो म्हणाला. "बाटलीचं येणं संपेल." दारापाशी जाऊन तो वळला. "निकालानंतर मी रिकाम्या हाताने येईन... संध्याकाळी, तुमचं काम आटोपल्यावर. तेव्हा लावा."