कूर्कांची बरणी

"काका, मी लक्ष्मीप्रिया. एसटीडी बूथवरनं बोलते. मामंजींस काल सांजेला आस्पत्रीत घातलंय. डोळे उघडत नाहींत त्यांचे. आणि पोलीस म्हणतात, मीच विष घातलं."

हनुमंतरावांनी कॉफीचा टंबलर तसाच खाली ठेवला. ते नगरपालिकेचे अन्न निरीक्षक. एकतीस वर्षं तंजावूरच्या हॉटेलवाल्यांची सांबारं गटारात ओतून त्यांनी भरपूर शत्रू जोडले होते. मित्र म्हणावा असा एकच, शाळेपासूनचा अनिरुद्धराव. फोनवरची पोर त्याचीच सून. नवरा बंगलोरला कंपनीत, आणि ही इथे शाळेत शिकवते.

मोपेड काढून ते सरळ रुग्णालयात गेले.

अनिरुद्धराव उताणे पडले होते. दोन्ही पापण्या मिटलेल्या. पावलांची चाहूल लागली तसा त्यांनी हात उचलला, बोटानं एक पापणी वर ढकलली आणि त्या फटीतून मित्राला पाहिलं. शेजारी डॉक्टर नाडी बघत होते.

"ताप?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"नाही. तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या. पोलिसांना घरात धोत्र्याचं फळ सापडलं, म्हणून रात्रभर तेच उपचार चालू आहेत."

हनुमंतराव खाली वाकले. "अनिरुद्धा, आज वार कोणता?"

"शनि…वार." जीभ जड होती, पण उत्तर बरोबर होतं.

"नववीत माझी सायकल कोणी चोरली होती?"

"कोणी नाही. तूच… बाजारांत… विसरलास."

हनुमंतरावांना हसू आलं नाही. धोत्रा पोटात गेलेला माणूस बरळतो, हवेतल्या वस्तू पकडू पाहतो. हा तर पंचेचाळीस वर्षांपूर्वीची सायकलही विसरला नव्हता.

"मलाही तेच खटकतंय," डॉक्टर हळूच म्हणाले.

"गुरुवारी रात्री काय खाल्लंस?"

"दहीभात. प्रियानं रविवारीं केलेलीं… कूर्कं. गारच."

कूर्क म्हणजे बोटाएवढा काळपट कंद. कितीही धुतला तरी सालीला माती उरतेच. लक्ष्मीप्रियाचं माहेर केरळातल्या पालक्काडचं, तिकडून दर मोसमात त्याचं पोतं येई.

"रविवारचीं? मग सोमवारीं नाही खाल्लीं? मंगळवारीं?"

अनिरुद्धरावांनी मान हलवली. "अक्का म्हणाली… संपलीं."

एवढं बोलूनच त्यांना धाप लागली. हनुमंतराव डॉक्टरांना बाजूला घेऊन पाच मिनिटं बोलले. ते निघाले तेव्हा डॉक्टर श्वासाचं यंत्र मागवत होते.

अनिरुद्धरावांच्या घरी इन्स्पेक्टर राममूर्ती ओसरीवर बसले होते. खांबाला टेकून लक्ष्मीप्रिया उभी होती, गुरुवारच्या प्रवासातली पिशवी अजून तिच्या पायाशीच. आतल्या दारात अनिरुद्धरावांची थोरली बहीण, विशालाक्षीअक्का. आई लवकर गेल्यावर तिनंच धाकट्या भावाला वाढवलेलं.

"सरळ प्रकरण आहे, सार," राममूर्ती म्हणाले. "रांधलं हिनं, वाढलं हिनं, आणि स्वतः एक घास खाल्ला नाही. काल संध्याकाळी अक्कांनी केराची टोपली दाखवली, तर त्यात धोत्रा. पाच वाजता हिला ठाण्यात नेणार."

"तूं कां नाही जेवलीस, पोरी?"

"बारावीच्या परीक्षेची ड्यूटी, काका. सोमवार ते गुरुवार ओरत्तनाडुला होतें. येतांना स्टँडवर इडली खाल्ली, भूक नव्हती."

"अक्का, तुम्हीं नाही खाल्लीं?"

"मी हिच्या हातचं खात नाही," अक्का म्हणाली. "माझं असकं वेगळं असतं, भांड्यांपासून सगळंच. सोवळ्यांत."

राममूर्तींनी कागदाची पुडी उघडली. आत काटेरी हिरवं फळ होतं. देठ किंचित मऊ पडलेला, पण काटे अजून ताठ. हनुमंतरावांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि काही न बोलता परत दिलं.

"परसांत झाड आहे?"

"आहे. शंकरास रोज फूल लागतं." अक्कानं उत्तर दिलं.

मग ते स्वयंपाकघरात गेले. कोपऱ्यात मुलानं पाठवलेला फ्रिज होता. दारावर कुंकवाची बोटं, डोक्यावर विणलेला रुमाल. आत दूध, दही, लोणी आणि ओल्या फडक्यात देवाची फुलं. त्या सगळ्यांपासून अंग चोरून, तळाच्या खणात दुधाच्या पातेल्याला रेललेली काचेची बरणी.

राममूर्ती झाकण उघडायला निघाले.

"हात लावूं नका!" हनुमंतराव एवढ्या मोठ्यानं ओरडले की लक्ष्मीप्रिया दचकली. त्यांनी फडक्यात धरून बरणी बाहेर काढली आणि सपाट फरशीवर ठेवली. निम्मी रिकामी होती. उरलेल्या कूर्कांवर खोबरेल तेलाचा पांढरा थर. वरच्या रिकाम्या काचेवर तेलाच्या दोन रेषा दिसत होत्या. एक पुसट आणि सरळ. दुसरी ठळक पांढरी आणि चांगलीच तिरकी.

"रविवारीं कशी भरलीस?"

"गरम असतांनाच. वर बोटभर तेल ओतलं, घट्ट झांकण लावलं. म्हटलं, लोणच्यासारखीं टिकतील. मधल्या खणांत सरळ ठेवली."

"आणि गुरुवारीं कोठें होती?"

"इथें खालीं. अशीच रेललेली. तेल गोठलेलं होतं, चमच्यानं खरवडून बाजूस काढलं."

हनुमंतरावांनी मान डोलावली आणि मागच्या पडवीत गेले. न्हाणीच्या चुलीवर कोनाडा होता. आत हात घातला तर भिंत कोमट लागली. तळाला बरणीच्या बुडाएवढा तेलाचा गोल डाग होता. बोट नाकाशी नेलं. खोबरेल.

ते परत आले तेव्हा अक्का देवघराच्या उंबऱ्यावर बसली होती. तिची बोटं पदराशी चाळा करत होती.

"सार, या मुलीला सोडा," हनुमंतराव म्हणाले. "इथं कोणी विष घातलं नाही. विष बरणीतच तयार झालं."

"बरणीत?"

"मातीतल्या कंदावर एक सूक्ष्म जंतू असतो. साध्या शिजवण्यानं तो मरत नाही. हवा लागली नाही आणि ऊब मिळाली, की वाढतो आणि विष सोडतो. पापण्या पडतात, जीभ जड होते, शेवटी श्वास जातो. बुद्धी मात्र शेवटपर्यंत जागी. अनिरुद्धाचं तेच झालंय. हवा तेलानं तोडली. पण ऊब कोठून आली? फ्रिजमध्ये ऊब नसते."

"वीज गेली असेल."

"वीज गेल्यानं तेल वितळेल. बरणी खालच्या खणात चालत जाणार नाही. या रेषा बघा. रविवारी बरणी सरळ होती, तेल सरळ गोठलं. मग ते पुरतं वितळलं आणि दुसऱ्यांदा गोठलं, तेव्हा बरणी पातेल्याला रेललेली होती. मधले दिवस ती चुलीवरच्या कोनाड्यात होती, डाग अजून ओला आहे. घरात माणसं दोनच. एकानं सोमवारी कूर्कं मागितली, दुसऱ्यानं 'संपली' म्हणून सांगितलं. संपलेली कूर्कं गुरुवारी परत आली कुठून?"

राममूर्ती वाकून बरणीवरच्या रेषा बघू लागले.

"आणि धोत्रा. प्रियानं तो गुरुवारी घातला असता, तर फाल्गुनाच्या या उन्हात दोन दिवसांनी फळ वाळून सुरकुतलं असतं. हे काल तोडलंय. अनिरुद्धाला रुग्णालयात नेल्यावर."

लक्ष्मीप्रिया हळूच वळली. "अत्या?"

अक्का खाली बघून बोलू लागली. "शिजलेलं तें खरकटं. देवाच्या दुधाशेजारीं ठेवून गेली. किती वेळां सांगितलं हिला. बाहेर काढली मी. ही येणार म्हणून बुधवारीं परत ठेवली, भांडण नको म्हणून. मला काय ठाऊक, त्यांत मरण असेल?"

"तें ठाऊक नव्हतं, मान्य," हनुमंतराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "पण काल कळलं होतं ना, कीं बरणींतलंच बाधलं? तेव्हां परसांत जाऊन फळ तोडलंत. या पोरीच्या केरांत टाकलंत. खरं बोलला असतां तर डॉक्टर रात्रभर धोत्रा उतरवत बसले नसते, अक्का! तुमच्याच भावाची रात्र घालवलीत."

अक्कानं तोंडावर पदर घेतला. "मी वाढवलंय त्यास. माझ्या हातानं झालं, असं कसं बोलूं?"

राममूर्ती उठले. हनुमंतरावांनी बरणी फडक्यात गुंडाळून मोहोरबंद केली. ती प्रयोगशाळेत जायची होती. मग ते सुनेकडे वळले. तिलाही त्यांनी सोडलं नाही.

"तुझंही चुकलं, पोरी. कंद शिजला कीं ताटांत पसरून निववायचा, दोन तासांच्या आंत फ्रिजमध्यें. तेलांत बुडवून कोंडायचा नाही. तीन दिवसांत संपवायचा, तोही चांगला उकळून. चौथ्या दिवशीं गार वाढायचा नाही."

"होय, काका." तिचे डोळे भरून आले. "मी आतां काय करूं?"

"रुग्णालयांत चल."

राममूर्ती अक्काला म्हणाले, "तुम्हाला ठाण्यात यावं लागेल."

"आधीं मामंजींकडे," लक्ष्मीप्रिया मध्येच म्हणाली. तिनं पायाजवळची पिशवी उचलली. "त्यांस असकं कळतं. त्यांस कोणीतरी सांगितलंच असेल, कीं सुनेनं विष घातलं. अत्या, तुम्हींच त्यांस खरं सांगा. मला दुसरं कांहीं नको."

दुपारी राममूर्तींसह चौघंही खाटेभोवती उभे होते. घशात नळी घातलेली होती, यंत्र एका लयीत सुसकारत होतं. वाचण्याची आशा आहे, पण महिना-दोन महिने लागतील, असं डॉक्टर म्हणाले.

अक्कानं सांगितलं. थांबत थांबत, पण सगळं सांगितलं. कोनाडा, फ्रिज, परसातलं झाड.

अनिरुद्धरावांचा हात पापणीकडे जायला हलला आणि चादरीवरच पडला. सकाळी होती तेवढीही ताकद राहिली नव्हती. लक्ष्मीप्रियानं पुढे होऊन आपल्या बोटानं त्यांची पापणी अलगद वर धरली.

त्यांनी बहिणीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बुबुळ हळूहळू सुनेकडे वळलं, आणि चादरीवरचं एक बोट दोनदा हललं.

लक्ष्मीप्रियाला ते समजलं: तूं नव्हेस, कळलं मला. तिनं पापणी सोडून दिली.