दिव्यांच्या पुढे

हॉलंडमधल्या नायमेखनच्या नव्या पुलावर दिव्यांची एक जोडी लागली, जरा वेळाने तिच्या पुढची.

“एवढा श्रीमंत देश, आणि दिवे बघा कसे अडखळतायत,” वसुधाबाई स्वतःशीच पुटपुटल्या.

“अडखळत नाहीत... चालतायत,” शेजारून कुणीतरी म्हणालं. चक्क मराठीत.

त्यांनी वळून पाहिलं. उंच, किंचित वाकलेले गृहस्थ, लोकरी टोपी, हातात सायकल. श्रीधर. तरुणपणी संशोधनासाठी इथे आले आणि इथलेच झाले. डच बायकोच्या माघारी एकटेच राहत होते. वसुधाबाई साताऱ्याच्या, निवृत्त शिक्षिका. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलाकडे, आशुतोषकडे, तीन महिन्यांसाठी आल्या होत्या.

श्रीधरांनी पुलाची ओळख करून दिली. महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी कापडी होड्यांतून भरदिवसा, गोळ्यांच्या माऱ्यात, ही नदी ओलांडली आणि शहर जर्मनांच्या ताब्यातून सुटलं. त्यात जितके गेले, तितक्या दिव्यांच्या जोड्या. दररोज तिन्हीसांजेला त्या एकेक करून लागतात, सैनिकाच्या चालीने. एक निवृत्त सैनिक त्यांच्याबरोबर चालतो, आणि मागून ज्याला यायचं तो येतो. न बोलता.

“रोज?”

“रोज. बर्फ पडला तरी.”

“आणि ती पोरं यांची कुणीच नव्हती...”

“म्हणून तर विसरत नाहीत.”

वसुधाबाईंना वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेली पंधरा ऑगस्टची मिरवणूक आठवली, मुठीतला घामेजलेला पेढा आठवला. तेव्हाही अशीच छाती भरून आली होती. परक्या गावाच्या आनंदाने डोळे ओले व्हावेत, याची त्यांना गंमत वाटली.

मग त्या रोज येऊ लागल्या. वाऱ्याला नदीचा ओला वास असायचा, आणि चालताना श्रीधरांची बाही कधीतरी हळूच त्यांच्या शालीला लागायची. बोलणं सगळं चालण्याआधी किंवा नंतर.

“वसुधाताई, आज उशीर केलात.”

“ताई म्हणू नका. मला भाऊ आहेत चांगले चार.”

“मग काय म्हणू?”

“ते तुमचं तुम्ही शोधा. एवढं संशोधन केलंत...”

घरी चैत्राली, त्यांची सून, डोळे मिचकावून म्हणायची, “आई, पूल बघायला रोज नवी साडी?”

“थंडी असते गं.”

“साडीने जाते वाटतं थंडी.”

सप्टेंबर संपत आला. परवाचं विमान होतं. पुलाच्या टोकाशी श्रीधर टोपी हातात घेऊन उभे होते.

“जाऊ नका म्हणायचा मला हक्क नाही,” ते म्हणाले. “पण... मीच मागून साताऱ्याला आलो तर? पाहुणा म्हणून नाही. कायमचा.”

“आणि हे सगळं सोडून?”

“हे शहर माझ्यावाचून चालत राहील. मला मात्र तुमच्यावाचून...”

तेवढ्यात पहिली जोडी लागली. म्हातारा सैनिक निघाला. आता पूल संपेपर्यंत शब्द नाही.

वसुधाबाई चालू लागल्या. या वयात हे काय, असं धाकटी बहीण मालिनी म्हणेल. आशुतोष काहीच बोलणार नाही, तेच जास्त अवघड. गल्लीत खिडक्या उघडतील. उघडू देत की. रिकाम्या घराला कुलूप लावून देवळात जाणाऱ्या, परत येऊन तेच कुलूप काढणाऱ्या त्या... पाय आपोआप उचलले जाऊ लागले. किती हळू लागतात हे दिवे.

त्या सैनिकाच्याही पुढे गेल्या. थेट अंधारात.

मागून पावलं धावत आली. कोपराला धरलं कुणी.

“अहो, दिव्यांच्या पुढे कुठे निघालात?” श्रीधर कुजबुजले. इतक्या वर्षांत दिव्यांबरोबर चालताना ते पहिल्यांदाच बोलत होते.

“पलीकडे. उत्तर द्यायला.”

“काय... काय उत्तर?”

“नकार द्यायला कुणी एवढ्या घाईने जातं का, श्रीधर?”

श्रीधरांचा हात कोपरावरून घसरत वसुधाबाईंच्या बोटांत येऊन थांबला. मागून उजेड आला, डोक्यावरची जोडी लागली. म्हाताऱ्या सैनिकाने दोघांकडे पाहिलं, गुंफलेल्या हातांकडे पाहिलं, आणि किंचित बाजूला सरकून त्यांना आपल्या बरोबरीने चालायला जागा करून दिली.