कप्तानाच्या गोष्टीचं आठवं पान

“गलत! रेणू, चप्पल काढ आणि छतावर जाऊन उभी राहा!”

नेहरू नगरातल्या उन्हाळी इंग्रजी क्लासमध्ये बाबुलाल सर ओरडले आणि पोरं खुदखुदू लागली. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो पार्थ. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गोष्ट एका जहाजाच्या कप्तानाची होती. रोज सकाळी त्याच्या चहाच्या कपाखाली एक चिठ्ठी निघायची. ‘सात दिवस उरले’, मग ‘सहा’, मग ‘पाच’! शेवटच्या रात्री खानसामा कप्तानाच्या खोलीबाहेर पहारा देतो, दाराच्या फटीतून आत डोकावतो, त्याच्या हातातला कंदील थरथरतो आणि बस! सातवं पान तिथंच संपत होतं. चिठ्ठ्या कोण लिहितं ते मुलांनी ओळखायचं, चुकेल त्यानं कोपऱ्यात उभं राहायचं, असा सरांचा नियम. आठवड्यात नऊ जण चुकले होते.

“कप्तान स्वतःच लिहितो, झोपेत,” रेणूनं सांगितलं होतं. “दुसऱ्या पानावर त्याच्या बोटाला शाई लागलेली आहे.”

“खुद को ही चिट्ठी! वा रे अकलमंद!”

“मग बरोबर उत्तर काय आहे, सर?”

एवढंच तिनं विचारलं, आणि कोपऱ्याऐवजी तिच्या वाट्याला छत आलं.

मे महिना, सकाळचे साडेअकरा, आणि भिलाईचं ऊन! रेणू वर असताना इकडे पंख्यानं सरांचे कागद उडवले. पार्थ उचलून द्यायला धावला, तर सरांनी ते त्याच्या हातातून हिसकावूनच घेतले.

पंधरा मिनिटांनी रेणू भिंत धरून खाली आली. दोन्ही तळव्यांना फोड आले होते. सरांनी तिच्या पायांकडे पाहिलंसुद्धा नाही. उलट हातात एक कागद दिला. “रविवारी पालक येतील, तेव्हा सबके सामने हे वाचायचं. मग मी तुझ्या बाबांना सांगतो, इंग्रजी हिच्या बस की बात नाही.”

रेणूचे बाबा तेजराम स्टील प्लांटमध्ये कामाला होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे इंग्रजी शिकवणारा माणूस चुकू शकतो हे त्यांच्या मनातच यायचं नाही. “सर म्हणतीन तसं,” असं ते घरी म्हणून बसले होते. सर नको म्हणाले, तर जूनपासून रेणूची इंग्रजी शाळा सुटणार होती.

क्लास सुटल्यावर पार्थनं वर्गातल्या अपूर्वाला बाजूला ओढलं. “सरांकडे पण सातच पानं आहेत! मी पाहिली!”

“म्हणजे शेवट त्यांना पण माहीत नाही? मग सगळ्यांना गलत कावून म्हणून राहिले?”

त्या भागातल्या सगळ्या क्लासच्या नोट्सची मूळ प्रत स्मृति नगरातल्या भैयालालच्या झेरॉक्सच्या दुकानात असायची. सरही तिथूनच घेत. रेणूला सायकलवर बसवून दोघं तिथं गेले. भैयालालनं फाईल काढून दिली. अपूर्वानं सातवं पान उलटलं, आणि पाठीमागे छापलेलं होतं आठवं!

“अरे बाप रे! पीछे की साइड तो रहच गई!” भैयालालनं कपाळावर हात मारला.

पार्थ भराभर वाचत गेला आणि त्याचा चेहरा पडला. कप्तान झोपेत उठून स्वतःच चिठ्ठी लिहीत होता.

रेणू दुकानाच्या पायरीवर बसली होती. पायांना फडकं गुंडाळलेलं होतं. “मले द्या ते पान. आत्ताच सरले दाखवीन!”

“आणि ते म्हणतील, मला माहीतच होतं!” अपूर्वा म्हणाली. “त्यापेक्षा आपण त्यांना दुसरंच आठवं पान देऊ.”

भैयालालनं एकदा रेणूच्या पायांकडे पाहिलं आणि कॉम्प्युटरचा कीबोर्ड अपूर्वाकडे सरकवला.

रविवारी सकाळी त्यानं ते पान सरांना पोचवलं. “सर, एक पन्ना रह गया था.” सरांचा जीव भांड्यात पडला.

अकराला पालक जमले. सरांनी ऐटीत गोष्ट सांगितली. “और आखिर में,” ते हात उंचावून म्हणाले, “खानसाम्याला दिसला कप्तानाचा पोपट! चोच शाईत बुडवून चिठ्ठी लिहिणारा! पंधरा साल से पढा रहा हूँ!”

“सर,” अपूर्वा उभी राहिली, “पहिल्या सात पानांत पोपट कुठं आहे?”

सर पानं चाळू लागले. पोपट काही सापडेना! शेवट तर जाऊ द्या, त्यांनी गोष्टसुद्धा धड वाचली नव्हती.

पार्थनं खरं आठवं पान आपल्या आईच्या, माधवीकाकूंच्या हातात दिलं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि अर्थही सांगितला. तेजराम उभे राहिले.

“म्हंजे माह्या पोरीनं बरोबर सांगतलं होतं?”

“अगदी बरोबर, भाऊ.”

“मंग तिचे पाय कावून भाजले, सर?”

रेणू लंगडत पुढे गेली आणि तिनं सरांचाच कागद सरांसमोर धरला.

“वाचा, सर. सबके सामने.”

सरांनी दाराकडे पाहिलं. दारात भैयालाल उभा होता. मग ते पुटपुटले, “आय ॲम अ डल स्टुडंट. आय डिड नॉट अंडरस्टँड द स्टोरी.”

“जोरात,” तेजराम म्हणाले. सरांनी जोरात वाचलं. रेणूनं त्यांना तीन वेळा वाचायला लावलं, आणि एकाही पालकानं तिला अडवलं नाही.

“माही पोरगी इंग्रजी शाळेतच जाईन,” तेजरामांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं. पालकांनी मुलांभोवती गर्दी केली. शाबासकीनं अपूर्वाची पाठ लाल व्हायची बाकी राहिली! माधवीकाकूंनी पार्थला जवळ घेतलं. “शाबास! तू डोळे उघडे ठेवलेस म्हणून हे सापडलं!”

“हासाले बी हाच सगळ्यात पुढं होता, काकू,” रेणू म्हणाली.

पार्थचे कान तापले. त्याला म्हणायचं होतं की सगळेच हसले होते, पण रेणूच्या पायांवरची पट्टी दिसली आणि ते त्याच्या तोंडून निघेना. त्यानं चपला काढल्या आणि तो जिना चढला.

छतावर पाय ठेवताच त्याच्या तोंडून किंकाळी फुटली. माधवीकाकू धावत जिन्याशी आल्या. रेणू कठडा धरून जिना चढली होती आणि वरच्या दाराच्या सावलीत उभी होती.

“किती वेळ?” पार्थनं रडवेल्या आवाजात विचारलं.

“शंभर मोजीन मी.”

“लवकर मोज!”

“एक,” रेणू म्हणाली. दोन म्हणायची तिला काहीच घाई नव्हती.