एकाच गालावरचा थनाखा

पावसाला आडोसा म्हणून ल्विन मो मंडालेतल्या त्या भाड्याच्या पुस्तकांच्या दुकानात शिरला, आणि पुढे पाऊस नसतानाही येत राहिला. दुकान न्वे झिनचं. बोलता बोलता एकदा तिने त्याला आपलं गुपित सांगून टाकलं. लग्नाच्या आठवडाभर आधी नवऱ्यामुलाची नकाराची चिठ्ठी आली होती. ती तिने चुलीत घातली आणि गल्लीभर सांगितलं — लग्न मीच मोडलं. त्या एका वाक्यावर ती दोन वर्षं ताठ मानेने जगत होती.

तो लेखक आहे, हे मात्र त्या पठ्ठ्याने सांगितलं नव्हतं.

भाड्याच्या पुस्तकात पेन्सिलीने अक्कल पाजळल्याशिवाय वाचकांना चैन पडत नाही. ते खोडणं हे न्वे झिनचं रोजचं काम. त्या दिवशी मासिकातल्या एका कथेशेजारी लिहिलं होतं, ‘ही तर आपली न्वे झिन. बिचारी!’

तिने कथा वाचून काढली. कथेतली मुलगी छत्र्या बनवायची, गावही दुसरं. पण थनाखाचा, म्हणजे उगाळलेल्या सालीचा लेप न्वे झिनसारखाच तिच्याही डाव्याच गालावर असायचा. उजवा वाचताना तळहाताला पुसून जायचा. आणि चिठ्ठी... चिठ्ठी चुलीत जळत होती. ते तर एकट्या ल्विन मोला ठाऊक होतं.

दुपारी ल्विन मो आला. तिने मासिक पुढे सरकवलं.

“नाव बदललं, गाव बदललं,” तो पुटपुटला.

“गाल तेवढा राहिला.”

“तो बदलवेना. तो बदलला तर... ती तुम्ही राहिला नसतात.” त्याने मान खाली घातली. “माझं पहिलं पुस्तक छापायला जातंय. त्यातून ही कथा काढतो.”

“आणि ही छापलेली? खोडरबराने जाईल?”

“नाही जाणार. चुकलो मी. आधी विचारायला हवं होतं.”

तिने मासिक मिटलं. राग होताच, पण हा माणूस उद्यापासून आला नाही तर — या विचाराने तिला जास्त धास्ती वाटली.

“मग आता विचारू?” तो म्हणाला.

“काय?”

“उद्या सकाळी... माझ्याबरोबर चहाला याल?”

“म्हणजे परवा छापून यायला?”

“एक ओळसुद्धा नाही. शप्पथ.”

“मग येते.”

चहावर दोघं काय बोलले, ते मी शेजारीण असून मला ठाऊक नाही. त्या दोघांच्या लग्नानंतर एकदा तिला विचारलं, तर हसून म्हणाली, “विचारलंस, हे बरं केलंस. नाही सांगणार.”